अँप्लिफायरचा फ्यूज का उडतो? ट्रान्सफॉर्मरसाठी योग्य फ्यूज कसा निवडायचा

गणपतीचे दिवस. आरतीला दहा मिनिटं उरलेली. माइक लावून झाला, स्पीकरच्या वायरी जोडून झाल्या आणि अँप्लिफायरचं बटण दाबताच सगळं शांत. मागची छोटी काळी टोपी फिरवून काढली, तर काचेच्या नळीतली बारीक तार तुटलेली. दुकानं बंद झालेली असतात. मग कुणीतरी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद फ्यूजला गुंडाळतं किंवा वायरीतली तांब्याची एक तार काढून दोन्ही टोकांना पिळून टाकतं. अँप्लिफायर चालू होतो, आरती होते. तो कागद मात्र तिथेच राहतो. विसर्जनानंतर, पुढच्या वर्षी, अगदी अँप्लिफायर दुसऱ्याला विकला तरी.

महाराष्ट्रातल्या अनेक घरांत आणि मंडळांत हे दृश्य ओळखीचं आहे. जुन्या मीटरबोर्डावरच्या चिनी मातीच्या 'किटकॅट' फ्यूजमध्ये तार बांधायची सवय होतीच, तीच इथेही वापरली जाते. पण काही रुपयांच्या या फ्यूजची जागा चंदेरी कागदाने घेतली की पुढच्या बिघाडात तुटायला अँप्लिफायरमध्ये एकच तार उरते. ती असते ट्रान्सफॉर्मरच्या आतली. ती तुटण्याआधी लाल होते, तिच्यावरचं इनॅमल जळतं, आणि भोवती लाकडी कपाट किंवा मंडपाचं कापड असेल तर आग लागू शकते.

म्हणून अँप्लिफायरला कोणता फ्यूज लागतो, तो आकडा कुठून येतो आणि फ्यूज सारखा उडत असेल तर तो काय सांगत असतो, हे समजून घेणं गरजेचं आहे.

फ्यूज नेमकं कुणाला वाचवतो?

फ्यूज बसवला की आतले ट्रान्झिस्टर किंवा आयसी सुरक्षित झाले, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. अर्धवाहकांचे हे भाग बिघाडात काही मिलिसेकंदांत, कधी त्याहूनही लवकर जातात. फ्यूजची तार तापून वितळायला त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणूनच दुरुस्ती करणारे गमतीने म्हणतात की महागडा ट्रान्झिस्टर स्वतः जळून स्वस्तातल्या फ्यूजला वाचवतो.

फ्यूजचं काम वेगळं आहे. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाल्यावर पुढे जे होऊ शकतं, ते तो थांबवतो. शॉर्ट झालेला भाग ट्रान्सफॉर्मरमधून बेसुमार करंट ओढू लागतो, वाइंडिंग तापतं, धूर निघतो. ही साखळी फ्यूज मध्येच तोडतो. म्हणजे फ्यूज बिघाड टाळत नाही, बिघाडाची आग होऊ देत नाही. फ्यूज निवडताना हा हेतू डोळ्यांसमोर असला की बाकीच्या गोष्टी सोप्या होतात.

बटण दाबताच करंटचा लोंढा का येतो?

बल्ब किंवा पंखा यांच्यासाठी फ्यूज निवडणं सोपं असतं. जितका करंट लागतो, त्याच्या थोडा वरचा फ्यूज घ्यायचा. ट्रान्सफॉर्मरचं तसं नाही, कारण चालू होण्याच्या क्षणी तो नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. याची कारणं दोन.

पहिलं कारण ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा. गाभ्यात चुंबकत्व साठण्याला मर्यादा असते. चालू असताना ट्रान्सफॉर्मर त्या मर्यादेच्या आत काम करतो. पण बटण दाबलं त्या क्षणी विजेची लाट नेमकी शून्यावर असेल, तर पहिल्या अर्ध्या आवर्तनात गाभ्यावर जवळपास दुप्पट चुंबकत्वाचा भार येतो. गाभा 'भरून' जातो. भरलेला गाभा करंटला अडवू शकत नाही, मग अडवायला उरतो फक्त तांब्याच्या तारेचा रोध, आणि तो मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये काही ओहमच असतो.

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असते, पण लाटेचं टोक साधारण ३२५ व्होल्टपर्यंत जातं. वाइंडिंग आणि घरातलं वायरिंग मिळून एकूण रोध ४ ओहम धरला, तर ३२५ भागिले ४, म्हणजे सुमारे ८० अँपिअर ही त्या क्षणाची वरची मर्यादा झाली. प्रत्यक्षात आकडा यापेक्षा कमी भरतो. तरीही ज्या ट्रान्सफॉर्मरला पूर्ण भारावर जेमतेम २ अँपिअर लागतात, त्याच्यासाठी हा लोंढाच आहे. तो काही आवर्तनांत ओसरतो. एक आवर्तन म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग, २० मिलिसेकंद.

बटण दाबताना लाट कुठे आहे, हे दर वेळी वेगळं असतं. त्यामुळे तोच अँप्लिफायर नऊ वेळा निमूट चालू होतो आणि दहाव्या वेळी फ्यूज उडवतो. यात भुताटकी काही नाही.

दुसरं कारण मोठे फिल्टर कपॅसिटर, ज्यांना दुकानात अजूनही 'कंडेन्सर' म्हणतात. बंद अँप्लिफायरमध्ये ते रिकामे असतात. चालू होताच ते भरेपर्यंत ट्रान्सफॉर्मरला जवळपास शॉर्टसारखेच भासतात.

ट्रान्सफॉर्मरच्या आकारानेही फरक पडतो. पट्ट्या रचून केलेल्या चौकोनी ट्रान्सफॉर्मरमध्ये हा लोंढा त्यामानाने कमी असतो. मेदूवड्यासारख्या गोल, मधे भोक असलेल्या टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरमध्ये तो जास्त असतो, कारण त्याच्या गाभ्यात कुठेही फट नसते. चांगल्या अँप्लिफायरमध्ये टोरॉइडच जास्त दिसतो, म्हणून फ्यूजचा प्रश्नही तिथेच जास्त येतो.

फास्ट ब्लो की स्लो ब्लो?

वरच्या लोंढ्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला, म्हणजे विजेच्या बाजूच्या वाइंडिंगला, स्लो ब्लो फ्यूज लावतात. तो क्षणिक लोंढा सहन करतो, पण टिकून राहिलेला जादा करंट सहन करत नाही.

फ्यूजच्या धातूच्या टोपीवर बारीक इंग्रजी अक्षर कोरलेलं असतं. 'एफ' म्हणजे फास्ट आणि 'टी' म्हणजे स्लो. हा 'टी' जर्मन भाषेतल्या 'ट्रेग' म्हणजे 'संथ' या शब्दावरून आला आहे.

दोन्हींतला फरक किती असतो, हे आयईसी ६०१२७ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरवून दिलं आहे. २० मिलिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर जाड अशा नेहमीच्या काचेच्या फ्यूजसाठी ते साधारण असं आहे:

- लिहिलेल्या आकड्याच्या १० पट करंट आला, तर फास्ट फ्यूजने २० मिलिसेकंदांच्या आत तुटलंच पाहिजे. स्लो फ्यूजने मात्र किमान २० मिलिसेकंद टिकलं पाहिजे आणि ३०० मिलिसेकंदांच्या आत तुटलं पाहिजे.
- ४ पट करंटला फास्ट फ्यूज ०.०१ ते ०.३ सेकंदात तुटतो, तर स्लो फ्यूज ०.१५ ते ३ सेकंदांत.
- १.५ पट करंटला दोन्ही प्रकारच्या फ्यूजनी किमान एक तास टिकलं पाहिजे.

म्हणजे मूळच्या २ अँपिअर स्लो फ्यूजच्या जागी २ अँपिअरचाच, पण फास्ट फ्यूज बसवला, तर अँप्लिफायरमध्ये काही बिघाड नसतानाही तो चालू करताक्षणी उडू शकतो. अनेकदा 'फ्यूज सारखा उडतो' या तक्रारीमागे एवढंच कारण असतं. दुकानदाराने दिलेला फ्यूज आकड्याने बरोबर असतो, अक्षराने चुकलेला असतो. आणि यावर उपाय म्हणून लोक ५ अँपिअरचा फास्ट फ्यूज बसवतात, तेव्हा खरा धोका सुरू होतो.

आकडा कसा काढायचा?

तयार अँप्लिफायरसाठी उत्तर एका ओळीचं आहे: मागच्या पट्टीवर किंवा फ्यूज होल्डरजवळ जो आकडा आणि जे अक्षर छापलंय, तोच फ्यूज बसवायचा. कंपनीने चाचण्या करून तो ठरवलेला असतो.

पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून घरी अँप्लिफायर बांधणारे कमी नाहीत. त्यांच्यासाठी हिशेब असा.

ट्रान्सफॉर्मरची क्षमता व्हीएमध्ये, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअरमध्ये सांगतात. ती २३० ने भागली की प्रायमरीचा पूर्ण भाराचा करंट मिळतो. ३०० व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरसाठी ३०० भागिले २३०, म्हणजे १.३ अँपिअर. सॉफ्ट स्टार्टची सोय नसेल तर याच्या दीडपट स्लो फ्यूजपासून सुरुवात करतात. दीडपट म्हणजे १.९५, म्हणून २ अँपिअर.

फ्यूज हव्या त्या आकड्यात मिळत नाहीत. त्यांची ठरलेली मालिका असते: ०.५, ०.६३, ०.८, १, १.२५, १.६, २, २.५, ३.१५, ४, ५, ६.३ अँपिअर. '३.१५' किंवा '६.३' असे विचित्र वाटणारे आकडे येतात ते याच मालिकेतून. प्रत्येक पायरी आधीच्या साधारण सव्वापट असते. त्या हिशेबाने सॉफ्ट स्टार्ट नसलेल्या, २३० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरसाठी सुरुवातीचे आकडे असे येतात:

- १०० व्हीए: पूर्ण भाराचा करंट ०.४३ अँपिअर, स्लो फ्यूज ०.८ अँपिअर
- १६० व्हीए: ०.७ अँपिअर, स्लो फ्यूज १.२५ अँपिअर
- ३०० व्हीए: १.३ अँपिअर, स्लो फ्यूज २ अँपिअर
- ५०० व्हीए: २.१७ अँपिअर, स्लो फ्यूज ४ अँपिअर

फ्यूज फक्त चालू करतानाच अधूनमधून उडत असेल आणि बाकी सगळं ठीक असल्याची खात्री झाली असेल, तर एक पायरी वर जाता येतं. दोन-तीन पायऱ्या चढण्याऐवजी मात्र सॉफ्ट स्टार्ट बसवणं योग्य. ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्याने फ्यूजचा आकडा दिला असेल, तर हे सगळे हिशेब बाजूला ठेवून तोच घ्यावा.

इथे एक शंका येते. १०० अधिक १०० वॉटचा अँप्लिफायर पूर्ण शक्तीने वाजवला, तर तो सुमारे ३३० वॉट ओढेल, कारण क्लास एबी अँप्लिफायरमध्ये बरीच शक्ती उष्णतेत जाते. मग ३०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरतो कसा? कारण संगीत सलग पूर्ण शक्तीने वाजत नाही. ठोका येतो आणि जातो, मधे शांतता असते. अँप्लिफायरच्या सुरक्षा चाचण्यांतही सरासरी संगीतासाठी कमाल शक्तीचा आठवा भाग धरण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने आपला अँप्लिफायर प्रत्यक्षात १०० वॉटच्या आसपासच ओढतो. घरातल्या गाण्यांना हे लागू पडतं. मिरवणुकीत आवाज फाटेपर्यंत तासन्‌तास वाजवलेल्या अँप्लिफायरला मात्र ही सूट मिळत नाही.

टोपीवर आणखी काय लिहिलेलं असतं?

आकडा आणि 'टी' किंवा 'एफ' यांच्यापलीकडे फ्यूजवर दोन गोष्टी असतात. बहुतेक जण त्या वाचत नाहीत.

पहिली व्होल्टेज. २३० व्होल्टच्या लाइनवर २५० व्होल्टचा फ्यूज लागतो. गाड्यांसाठी मिळणारे काचेचे काही फ्यूज दिसायला तसेच असतात, पण ते ३२ व्होल्टचे असतात. घरच्या विजेवर असा फ्यूज तुटला, तरी तुटलेल्या टोकांमध्ये ठिणगीचा झोत चालू राहू शकतो. म्हणजे फ्यूज 'उडाला' तरी करंट थांबत नाही.

दुसरी खूण 'एल' किंवा 'एच'. फ्यूज किती मोठा करंट सुरक्षितपणे तोडू शकतो, हे ही अक्षरं सांगतात. 'एल' प्रकारचा काचेचा फ्यूज ३५ अँपिअर किंवा स्वतःच्या आकड्याच्या १० पट, यांपैकी जे जास्त असेल तेवढा करंट तोडू शकतो. 'एच' प्रकारचा, बहुधा वाळू भरलेला सिरॅमिकचा पांढरा फ्यूज १५०० अँपिअरपर्यंतचा करंट तोडतो. ट्रान्सफॉर्मरच्या आधीच वायर शॉर्ट झाली, तर घरच्या सॉकेटमधून शेकडो अँपिअर येऊ शकतात. अशा वेळी काचेची नळी फुटू शकते. म्हणून जिथे वीज अँप्लिफायरमध्ये शिरते, त्या पहिल्या फ्यूजसाठी सिरॅमिकचा 'एच' फ्यूज जास्त भरवशाचा. मूळचा फ्यूज सिरॅमिकचा असेल, तर त्या जागी काचेचा कधीच बसवू नये.

एक फ्यूज का पुरत नाही?

प्रायमरीचा फ्यूज सगळं पाहतो असं वाटतं, पण त्याच्या नजरेतून दोन गोष्टी सुटतात.

एक म्हणजे मंद गतीचा जादा भार. वर दिलेला नियम आठवा: १.५ पट करंटला फ्यूजने किमान एक तास टिकलं पाहिजे. ३०० व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला लावलेला २ अँपिअरचा फ्यूज ३ अँपिअर तासभर जाऊ देईल. ३ गुणिले २३० म्हणजे ६९० व्हीए, ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेच्या दुपटीहून जास्त. इतक्या वेळात वाइंडिंग भाजून निघेल आणि फ्यूज शाबूत राहील.

या फटीसाठी थर्मल फ्यूज असतो. तो करंटवर नाही, तापमानावर चालतो. वाइंडिंगच्या थरांत दडवलेला असतो आणि ठरलेल्या तापमानाला कायमचा तुटतो. 'बी' वर्गाच्या इन्सुलेशनची मर्यादा १३० अंश सेल्सिअस असते, तिथवर पोहोचायच्या आत तो तुटावा अशी योजना असते. ट्रान्सफॉर्मर विकत घेताना 'आत थर्मल फ्यूज आहे का?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे. दुरुस्तीत तो तुटलेला सापडला तर काही जण तार जोडून त्याला वगळतात. चंदेरी कागदाचाच हा दुसरा प्रकार.

दुसरी सुटणारी गोष्ट म्हणजे छोटं वाइंडिंग. अनेक ट्रान्सफॉर्मरमध्ये मुख्य वाइंडिंगसोबत प्रीअँप किंवा ब्लूटूथ बोर्डासाठी एक बारीक वाइंडिंग असतं. समजा ते १५ व्होल्ट, १ अँपिअरचं आहे. ते शॉर्ट होऊन त्यातून ८ अँपिअर वाहू लागले, तर ते काही मिनिटांत जळेल. पण १५ गुणिले ८ म्हणजे १२० व्हीए, आणि प्रायमरीकडे तो दिसतो फक्त अर्धा अँपिअर. २ अँपिअरच्या फ्यूजला याचा पत्ताही लागत नाही. म्हणून अशा प्रत्येक छोट्या वाइंडिंगला स्वतःचा छोटा फ्यूज हवा.

मुख्य सेकंडरीच्या पुढे, कपॅसिटरनंतर, अधिक आणि उणे अशा दोन्ही डीसी लाइनवरही बहुतेक अँप्लिफायरमध्ये फ्यूज असतात. यांचा हिशेब स्पीकरवरून होतो. ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॉट देताना करंटचं टोक ५ अँपिअर असतं. प्रत्येक लाइन अर्धाच वेळ काम करते, त्यामुळे फ्यूज तापण्याच्या हिशेबाने तो २.५ अँपिअर भरतो, आणि ३.१५ अँपिअरचा फ्यूज तिथे बसतो. हा फ्यूज कपॅसिटरनंतर असल्याने त्याला चालू होण्याचा लोंढा सोसावा लागत नाही, म्हणून तो फास्ट असू शकतो. डीसी करंट तोडणं एसीपेक्षा अवघड असतं, त्यामुळे फ्यूजची डीसीसाठीची व्होल्टेज मर्यादाही पाहावी लागते.

यात एक धोका आहे. दोनपैकी एकाच लाइनचा फ्यूज उडाला, तर काही अँप्लिफायर दुसऱ्या लाइनचं डीसी व्होल्टेज थेट स्पीकरवर टाकतात आणि स्पीकरची कॉइल जळते. स्पीकर वाचवणं फ्यूजच्या आवाक्यात नाही. त्यासाठी डीसी दिसताच स्पीकर तोडणारं रिलेचं वेगळं सर्किट लागतं.

सॉफ्ट स्टार्टने काय साधतं?

ट्रान्सफॉर्मर ३०० व्हीएच्या वर गेला की फक्त स्लो फ्यूजवर भागवणं अवघड होत जातं. लोंढा सोसायचा म्हणून फ्यूज मोठा करावा लागतो, आणि फ्यूज मोठा केला की खऱ्या बिघाडात तो उशिरा तुटतो. सॉफ्ट स्टार्टने या कोंडीतून वाट निघते.

प्रायमरीला ओळीने एक रोध किंवा एनटीसी थर्मिस्टर लावतात. चालू होताना करंट त्यातून जातो, त्यामुळे लोंढा काही अँपिअरवर अडतो. सेकंदाच्या काही भागानंतर रिले त्या रोधाला वगळून सरळ वाट मोकळी करतो. मग ५०० व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला ४ ऐवजी २.५ अँपिअरचा स्लो फ्यूजही पुरतो, आणि फ्यूज जितका लहान तितकं संरक्षण चांगलं. मात्र रिले बंद पडला तर तो रोध स्वतःच तापून जळू शकतो. म्हणून त्याला चिकटून एक थर्मल फ्यूज हवा.

अँप्लिफायर चालू करताच घरातला एमसीबी पडत असेल, तर कारण हाच लोंढा असतो. 'बी' प्रकारचा एमसीबी स्वतःच्या आकड्याच्या ३ ते ५ पटींच्या दरम्यान तत्काळ पडतो. म्हणजे ६ अँपिअरचा एमसीबी १८ ते ३० अँपिअरला पडू शकतो. 'सी' प्रकारचा ५ ते १० पटींना पडतो. एमसीबी बदलायचाच असेल तर अँपिअरचा आकडा तोच ठेवून, परवानाधारक वायरमनकडून बदलून घ्यावा. १६ अँपिअरचा टाकणं हा उपाय नाही, त्यामुळे भिंतीतली बारीक वायर उघडी पडते.

अर्थिंग नसेल तर फ्यूजही हतबल

अँप्लिफायरमधून 'घुंऽऽ' असा आवाज येत असेल, तर प्लगची वरची जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. आवाज जातोही. पण फेजची वायर सुटून धातूच्या कॅबिनेटला लागली, तर फ्यूज उडायला करंटला परत जायची वाट लागते. ती वाट म्हणजे अर्थिंग. अर्थिंग तोडलं की फ्यूज शाबूत राहतो, कॅबिनेट जिवंत होतं आणि पुढची वाट हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. पावसाळी मंडपातल्या ओल्या जमिनीवर तर हे जीवघेणं ठरतं. घुंऽऽ आवाजाचा उपाय ऑडिओ वायरींच्या जोडणीत शोधायचा असतो, प्लगमध्ये नाही.

फ्यूज नेहमी फेजच्या वायरीवर आणि स्विचच्याही आधी हवा. पण आपल्याकडच्या अनेक एक्स्टेंशन बोर्डांत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात. तसं असेल तर फ्यूज उडूनही आतल्या वायरींत वीज राहते. म्हणून फ्यूजला हात लावण्याआधी स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लगच काढून ठेवायचा.

उडालेला फ्यूज काय सांगतो?

फेकून देण्याआधी उडालेला फ्यूज उजेडात धरून पाहावा. काचेच्या फ्यूजमध्ये बरंच काही दिसतं.

- काच स्वच्छ आणि तार मधेच तुटलेली: करंट मर्यादेच्या थोडाच वर होता. जादा भार असेल किंवा फ्यूज जुना झाला असेल. प्रत्येक वेळी लोंढा सोसून तार थकते, आणि काही वर्षांनी कोणताही बिघाड नसताना ती तुटू शकते. नवा तसाच फ्यूज टिकला, तर विषय संपला.
- काच आतून काळी किंवा आरशासारखी चंदेरी: मोठा शॉर्ट. ब्रिजमधला डायोड, आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा कपॅसिटर गेलेला असू शकतो. दुसरा फ्यूज टाकून पाहण्यात अर्थ नाही.
- अर्ध्या-पाऊण तासाने, मोठ्या आवाजातच उडतो: स्पीकर जास्त जोडलेत का ते पाहावं. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, चार जोडले की २ ओहम. अँप्लिफायरची मर्यादा ४ ओहमची असेल, तर दोष फ्यूजचा नाही.
- टोपी काळवंडलेली, होल्डर गरम: होल्डरची पकड सैल आहे. सैल जागी उष्णता तयार होते आणि फ्यूज करंट योग्य असतानाही तुटतो. इथे होल्डर बदलायचा.

अमेरिकेतून सामानासोबत आलेल्या अँप्लिफायरची गोष्ट वेगळी. तिथे वीज १२० व्होल्टची, म्हणून तो थेट इथल्या सॉकेटला लावला की ट्रान्सफॉर्मरचा गाभा लगेच भरून जातो आणि फ्यूज उडतो. यात फ्यूजने आपलं काम चोख केलेलं असतं. मागे व्होल्टेज निवडायचा स्विच असेल, तर तो २३० वर करताना फ्यूजही निम्म्या आकड्याचा लावावा लागतो. ३०० व्हीएला १२० व्होल्टवर २.५ अँपिअर लागतात, २३० वर १.३. जुनाच फ्यूज ठेवला तर संरक्षण निम्मं होतं.

बदलण्याची योग्य पद्धत

प्लग काढावा. जुन्या फ्यूजवरचा आकडा आणि अक्षर पट्टीवरच्या छापील मजकुराशी पडताळावं, कारण आधीच्या कुणीतरी चुकीचा बसवलेला असू शकतो. तसाच नवा फ्यूज एकदाच लावून पाहावा. तोही लगेच उडाला, तर तिसरा लावू नये.

इथून पुढचं काम दुरुस्ती करणाऱ्याचं, कारण प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज बराच वेळ राहू शकतं. अनुभवी माणूस अँप्लिफायर थेट लाइनवर न लावता 'सिरीज बोर्डा'वर लावतो, म्हणजे ६० किंवा १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब ओळीने जोडून. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि करंट बल्बवरच अडतो, बाकी काही जळत नाही. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. ते क्षणभर उजळणं म्हणजेच बटण दाबल्यावर येणारा लोंढा.

आणि मंडळाच्या पेटीत कायमची ठेवण्यासारखी वस्तू म्हणजे योग्य आकड्याचे, योग्य अक्षराचे चार-पाच जादा फ्यूज, अँप्लिफायरच्या मागे छोट्या पाकिटात चिकटवून ठेवलेले. पाकिटावर आकडा मोठ्या अक्षरांत लिहिलेला. आरतीला दहा मिनिटं उरलेली असताना कुणी हिशेब करत बसत नाही, हाताला येईल ते लावलं जातं. त्या वेळी हाताला चंदेरी कागदाऐवजी फ्यूज लागायला हवा.